उलट्या गाडीने सिंहस्थाला

मीरा रोडहून सकाळी साडेआठच्या सुमारास चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढणं ही एक कला आहे. ती ज्यांना साधत नाही त्यांनी त्यावर तोडगाही काढून ठेवला आहे. आधी उलट्या दिशेची गाडी पकडायची, भाईंदरला किंवा थेट विरारला जायचं, डबा रिकामा झाला की खिडकी धरायची आणि बसल्या बसल्या पुन्हा मीरा रोडवरून पुढे निघायचं. याला ‘रिटर्न’ येणं म्हणतात. त्यासाठी पास लांबचा काढावा लागतो, वेळ मोडतो, फलाटावर उभे असलेले लोक खिडकीतल्या माणसाकडे जळजळीत नजरेने बघतात. पण बरगड्या शाबूत राहतात.

गर्दीचं गणित एवढं पक्कं असलेला हा माणूस तीर्थाला निघाला की सगळं विसरतो. पंचांगात जो दिवस ठळक छापलेला असेल त्याच दिवशी, त्याच घाटावर, त्याच घटकेला त्याला बुडी मारायची असते. एरवी जो दोन गाड्या सोडून तिसरी पकडतो, तो इथे लहान मुलाला खांद्यावर घेऊन आणि सत्तरीच्या आईचा हात धरून लाखोंच्या लोंढ्यात शिरतो. नाशिकच्या सिंहस्थाच्या तोंडावर ही सवय मोडायला हवी आणि ती मोडण्याचं काम एकट्या भाविकावर सोडून चालणार नाही. सरकार ज्या पद्धतीने कुंभमेळ्याची जाहिरात करतं, तीच मुळात लोकांना ठरावीक दिवसांकडे ढकलणारी आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं वेळापत्रक 2025 च्या जूनमध्ये जाहीर झालं. त्यानुसार 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण. पहिलं अमृत स्नान 2 ऑगस्ट 2027 ला, दुसरं 31 ऑगस्टला, तिसरं नाशिकला 11 सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला 12 सप्टेंबरला. ध्वज उतरणार 24 जुलै 2028 ला. 2015 पर्यंत याच स्नानांना सगळे ‘शाही स्नान’ म्हणत. आता सरकारी कागदांवर ‘अमृत स्नान’ आलं आहे. नाशिककरांच्या तोंडी मात्र आजही ‘पर्वणी’च आहे, आणि तो शब्द दोन्हींपेक्षा सरस आहे.

या तारखा दिनदर्शिकेवर नीट लावून पाहिल्या तर पहिली पर्वणी सोमवारी येते. म्हणजे सोमवती अमावास्या. त्याच दिवशी सूर्यग्रहणही आहे. इजिप्तमधल्या लक्सरच्या परिसरात खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकणार आहे आणि पश्चिम भारतातून संध्याकाळी ते खंडग्रास दिसेल. सिंहस्थाची पर्वणी, सोमवती आणि ग्रहण अशी तिन्ही एका दिवशी आल्यावर गोदेकाठी काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. तिसरी पर्वणी त्याहून अवघड आहे. 11 आणि 12 सप्टेंबर 2027 हे शनिवार-रविवार आहेत आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 14 सप्टेंबरला आहे. म्हणजे मुंबई आणि ठाण्याचे पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्तात, एसटीच्या गाड्या कोकणात गेलेल्या किंवा तिथून परतत असलेल्या, आणि सार्वजनिक मंडळांचे कार्यकर्ते मंडपात अडकलेले असताना ही पर्वणी येणार. सुट्टीच्या दोन दिवसांत नाशिक उरकून यावं, असं तेव्हा मीरा रोडच्या किती घरांत ठरेल?

पुष्कळ घरांत ठरेल. कारण हे शहर आता लहान राहिलेलं नाही. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2001 मध्ये ती पाच लाखांवर गेली आणि 2011 मध्ये आठ लाखांवर. महानगरपालिका झाली ती 2002 मध्ये. शांतीनगरच्या सेक्टरांत, काशीमिऱ्यात, भाईंदरच्या जुन्या वस्तीत मराठी माणसाच्या शेजारी गुजराती, मारवाडी, उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबं राहतात. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर, वसईच्या खाडीच्या काठी, कार्तिकातल्या छठपूजेला मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायला जी गर्दी लोटते ती पाहिली की या शहराला नदीकाठच्या श्रद्धेची किती ओढ आहे ते कळतं. वास्तविक ती नदी नव्हे, उल्हासचं समुद्राला मिळणारं मचूळ तोंड आहे. पण भाविकाला त्याचं काही नसतं. यातल्या कित्येकांनी 2025 मध्ये प्रयागराज गाठण्यासाठी रेल्वेत चोवीस तासांहून जास्त वेळ घालवला. नाशिक त्यांना दारात असल्यासारखं आहे.

दारात, पण दारापर्यंतच्या रस्त्यालाच घोडबंदर रोड म्हणतात. गायमुखच्या चढावर अवजड गाड्यांची रांग लागली की मीरा रोडच्या माणसाला ठाणंसुद्धा नाशिकइतकं लांब वाटतं. माजिवड्याच्या पुढे भिवंडी बायपास; तिथून आमणेला समृद्धी महामार्ग मिळतो, ज्याचा आमणे-इगतपुरी हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. दुसरी वाट मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा अशी थेट त्र्यंबकला जाते. देखणी आहे, पण ऑगस्टमध्ये धुकं आणि वळणं यांतून रात्री गाडी हाकायची वाट नव्हे. रेल्वेने जायचं तर पश्चिम मार्ग सोडून मध्य मार्गावर जावं लागतं, आणि नाशिक रोड स्थानकावर उतरल्यावरही पंचवटी आठ-दहा किलोमीटर दूर राहते.

आता नाशिकचा घाट. प्रयागच्या संगमावर माघात नदी आटलेली असते, वाळूचं मैलोन्‌मैल मोकळं पात्र उघडं पडतं आणि त्यावर एक तात्पुरतं शहर उभारता येतं. 2025 मध्ये मेळ्याचं क्षेत्र चार हजार हेक्टर होतं. नाशिकचा सिंहस्थ येतो श्रावण-भाद्रपदात, नदी भरलेली असताना, आणि येतो तो जुन्या गावाच्या पोटात. रामकुंड, लक्ष्मणकुंड, गांधी तलाव हा सगळा पसारा होळकर पुलाच्या खालच्या अंगाला एका आटोपशीर पट्ट्यात आहे. त्याच पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती आला हे नाशिककर मीटरमध्ये सांगत नाहीत. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं असं सांगतात. 2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो बुडाला होता. 2027 ची पहिली पर्वणी नेमकी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच आहे. वर गंगापूर धरण आहे, त्यामुळे पाणी किती सोडायचं यावर थोडाफार ताबा राहतो. 2015 मध्ये प्रश्न उलटा होता. दुष्काळाच्या वर्षात स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

म्हणून प्रयागराजचा नकाशा उचलून नाशिकवर अंथरता येणार नाही. तरीही सगळी भाषा प्रयागराजच्या तोडीची चालली आहे. तिथे पंचेचाळीस दिवसांत 66 कोटींहून जास्त लोकांनी स्नान केलं असं सरकारने सांगितलं, म्हणजे देशातली जवळजवळ निम्मी माणसं. तो आकडा कसा मोजला यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याने काय केलं ते पाहावं. रोज संध्याकाळी आज इतके कोटी झाले म्हणून सांगितलं की घरी बसलेल्याला आपणच मागे राहिलो असं वाटतं. गर्दीचीच जाहिरात गर्दी वाढवते. 29 जानेवारी 2025 ला मौनी अमावास्येच्या पहाटे संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसार 30 माणसं गेली.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर 18 जण चेंगरून मेले, तेही प्रयागराजला जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर. सारख्या नावांच्या दोन गाड्यांच्या उद्घोषणेने गोंधळ उडाला, असं दिल्ली पोलिसांनी सांगितलं. नदी तिथून कित्येक शे किलोमीटर दूर होती. मुंबईच्या पश्चिम उपनगरांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वांद्रे टर्मिनसवर 27 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत चढताना दिवाळी-छठला निघालेली माणसं चेंगरली आणि नऊ-दहा जण जखमी झाले. त्याआधी 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर 23 जण गेले तेव्हा तर कुठलाच मेळा नव्हता. सकाळची वेळ, पाऊस आणि एक अरुंद जिना, एवढ्याने भागलं होतं.

नाशिकने हे आधीच भोगलं आहे. 27 ऑगस्ट 2003 ला दुसऱ्या पर्वणीच्या दिवशी सरदार चौकाजवळच्या उताराच्या अरुंद वाटेवर रामकुंडाकडे निघालेला जमाव अडला. मिरवणुकीतल्या कुणा साधूने प्रसाद म्हणून चांदीची नाणी उधळली, ती वेचायला लोक वाकले आणि मागून येणारा लोंढा थांबू शकला नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. 39 माणसं मेली. यात खलनायक शोधायला जाऊ नये. नाणी उधळणाऱ्याचा हेतू चांगला होता, वाकणाऱ्यांचाही. वाट तेवढी अरुंद होती आणि माणसं तिच्या ऐपतीपेक्षा जास्त होती.

2015 मध्ये त्या आठवणीने प्रशासन इतकं धास्तावलं की 29 ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला नाशिकमध्ये रस्तोरस्ती लोखंडी अडथळे लागले. भाविकांना कित्येक किलोमीटर चालवलं, नाशिककर घरात कोंडले गेले आणि गर्दी अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी झाली. ओरड झाल्यावर पुढच्या पर्वण्यांना बंधनं सैल केली. तरी त्या वर्षी नाशिकच्या पर्वण्या सुखरूप पार पडल्या, याचं श्रेय द्यायलाच हवं. त्याच वर्षी 14 जुलैला, नाशिकला ध्वजारोहण झालं त्या दिवशी, याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला राजमहेंद्रीत पुष्करम सुरू होत होतं आणि पहिल्याच सकाळी तिथल्या घाटावर 27 माणसं चेंगरून मेली. नदी एक, दिवस एक.

2015 चीच आणखी एक चांगली गोष्ट विस्मरणात चालली आहे. मूळचे नाशिकचे शास्त्रज्ञ रमेश रासकर आणि एमआयटी मीडिया लॅब यांच्या पुढाकाराने तिथे ‘कुंभथॉन’ भरलं. त्यातून नाशिकच्या तरुण पोरांनी ‘अशियोटो’ नावाची चटई तयार केली. तिच्यावरून माणूस चालत गेला की दाबाने पावलं मोजली जातात आणि कुठल्या वाटेवर किती गर्दी साचते आहे ते कळतं. मोजणी हवी ती अशी. आज एकूण किती कोटी आले या आकड्याचा घाटावर उभ्या असलेल्या बाईला काडीचा उपयोग नाही. रामकुंडावर एका तासात किती माणसं उतरू शकतात, किती वर येऊ शकतात आणि या क्षणी किती आहेत, हा आकडा तिला हवा. तो मोबाइलवर, रेडिओवर, मीरा रोड स्थानकाच्या उद्घोषणेतही मिळाला पाहिजे. नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाने एकच करावं: कोटींचे आकडे सांगायचेच नाहीत असं आजच ठरवून टाकावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मुहूर्ताला महत्त्व आहे, पर्वणीचं पुण्य इतर दिवसांना नाही, श्रद्धेत सोयीचा विचार कसला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर परंपरेतच आहे. गुरू सिंह राशीत असतो तो सगळा काळ सिंहस्थ. त्या काळात सगळ्या नद्या गोदावरीला भेटायला येतात अशी समजूत आहे आणि ती तीन तारखांपुरती नाही. एरवी हा पर्वकाळ साधारण तेरा महिन्यांचा असतो. या वेळी गुरूच्या वक्री-मार्गी चालीने तो तुकड्यातुकड्यांनी पडतो आहे, म्हणूनच ध्वज चढण्यापासून उतरण्यापर्यंत पावणेदोन वर्षं जाणार आहेत. पर्वणीचा दिवस मुख्यतः आखाड्यांच्या मानाचा. तो त्यांचा थाट, त्यांची मिरवणूक, त्यांचा क्रम. गृहस्थाने त्याच दिवशी बुडी मारली नाही तर त्याची गोदा कोरडी राहते असं कोण म्हणतं? गुरू पुढे कन्येत गेला की नृसिंहवाडीला कृष्णाकाठी कन्यागत पर्वकाळ लागतो. तिथे लोक वर्षभर जमेल तसे येतात, नहातात आणि दत्ताचं दर्शन घेऊन जातात. त्यांच्या पुण्यात तूट आल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

आणि ज्याला ‘परंपरा’ म्हणतो तीसुद्धा एकदा गर्दी वाटून देण्यातूनच घडलेली आहे. शैव आणि वैष्णव साधूंत आधी कुणी नहायचं यावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठा रक्तपात झाला. त्यानंतर पेशवाईने दोघांची ठिकाणं वेगळी केली: शैव आखाड्यांना त्र्यंबकचं कुशावर्त, वैष्णवांना नाशिकचं रामकुंड. तो त्या काळचा प्रशासकीय निर्णयच होता, बंदोबस्ताचा. आज कुणीही त्याला धर्मात ढवळाढवळ म्हणत नाही, उलट तोच रिवाज म्हणून सांगतात. पंढरीच्या वारकऱ्याने तर हा प्रश्न कधीचाच सोडवून टाकला आहे. आषाढीला विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळालं नाही तर तो कळसाचं दर्शन घेतो, नामदेव पायरीला हात लावतो आणि समाधानाने परत फिरतो. दिंडीला क्रमांक असतो, कुणाच्या मागे कोण चालायचं ते ठरलेलं असतं. कुंभमेळ्याच्या नियोजनासाठी परदेशातून सल्लागार आणण्याआधी अधिकाऱ्यांनी एकदा आळंदी ते पंढरपूर पायी जाऊन यावं.

लोक बदलत नाहीत हेही खरं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सहा फुटांपर्यंतच्या गणेशमूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित करायला सांगितल्या. सुरुवातीला कुरबुर झाली, होणारच होती. पण समुद्र आणि खाडी जवळ असलेल्या वस्त्यांतली माणसंही पाटावर गणपती घेऊन महापालिकेच्या तलावापाशी रांगेत उभी राहिली. वर्षानुवर्षांची चौपाटी सोडणं सोपं नव्हतं.

मग मीरा-भाईंदरसारख्या शहराने नेमकं काय मागावं? पर्वणीच्या दिवशी जादा गाड्या मागू नयेत, त्या सुटतीलच. मागायच्या त्या पर्वणी नसलेल्या दिवसांच्या गाड्या. 2027 च्या जुलैपासून 2028 च्या जुलैपर्यंत आठवड्यातून दोनदा एसटीची भाईंदर-नाशिक-त्र्यंबक फेरी, आगाऊ आरक्षणासह, ज्येष्ठांच्या आणि महिलांच्या सवलतीच्या तिकिटात. सिंहस्थाच्या मुख्य दिवसांत घोडबंदर रोडवर अवजड वाहनांना ठरावीक तास बंदी, आणि ती आयत्या वेळच्या फलकावर नको, महिनाभर आधी जाहीर व्हावी. महापालिकेने प्रभागांत फलक लावावेत आणि त्यांवर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे कमी, पर्यायी तारखा जास्त असाव्यात. सोसायट्यांच्या सहली काढणाऱ्यांनाही सप्टेंबरचा तो शनिवार-रविवार टाळायला सांगावं. खासगी बसवाल्यांचा धंदा बुडणार नाही. तीन दिवसांत होणारी मिळकत वर्षभर पसरेल, एवढंच.

ओघात नाशिकच्या तपोवनाचंही बोलायला हवं. साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, तिथली सुमारे 1,800 झाडं हटवण्याचा प्रस्ताव 2025 च्या अखेरीस पुढे आला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, अभिनेते सयाजी शिंदेही उतरले आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. जागेच्या नावातच वन आहे, हे सांगायला लवाद लागावा याचं नवल वाटतं. पण मुळात एवढी जागा लागते ती सगळे एकाच वेळी येणार हे गृहीत धरल्यामुळे. गर्दी पांगवली तर तंबू कमी, स्वच्छतागृहं कमी, नदीत जाणारं सांडपाणी कमी. गोदावरीच्या प्रदूषणावर उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली तिलाही आता दशक उलटून गेलं आहे.

मीरा रोडच्या बऱ्याच घरांची नाशिकशी खरी ओळख पर्वणीतून झालेलीच नाही. ती झाली घरातलं कुणी गेलं तेव्हा. अस्थी घेऊन रामकुंडावर गेलेल्या माणसाला तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं, जुनी नामावळी उघडली आणि त्यात त्याला पणजोबांचं नाव दिसलं. त्या वेळी घाटावर गर्दी नव्हती. उपाध्यायांना बोलायला वेळ होता आणि त्याला रडायला जागा.

2028 च्या मार्चपासून पर्वकाळाचा शेवटचा तुकडा सुरू होईल. तेव्हा नाशिकच्या बाजारात द्राक्षं असतात, पुढे चैत्रात काळारामाचा रथ निघतो, मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते. पर्वणीचे मंडप तोवर उतरलेले असतील आणि त्र्यंबकला कुशावर्ताच्या पायरीवर म्हातारीला निवांत बसता येईल. मंगळवार-बुधवारी गेलं तर घोडबंदर रोडही जरा दया दाखवतो. ज्याला खिडकी हवी आहे त्याने ती गाडी धरावी.